मालकीणबाई

लग्नपत्रिकांचं काय करायचं, हा प्रश्न टेंभुर्णीत आता कुणाला पडत नाही. पत्रिकेवर गणपती असतो, कुलदेवता असते, हल्ली शिवाजी महाराजही असतात. त्यामुळं ती चुलीत घालवत नाही आणि केरातही टाकवत नाही. पूर्वी असे गठ्ठे माळ्यावर जायचे आणि तिथं वाळवी त्यांचं बघायची. आता लग्नसराई उतरणीला लागली की दारात एक मुलगी येऊन उभी राहते.

"काकू, पत्रिका हायेत का? देवाची चित्रं कापून नदीत सोडते. बाकीचं मी बघते."

पहिल्या वाक्यानं काकूंच्या जिवावरचं ओझं उतरतं, म्हणून दुसऱ्या वाक्याकडं त्यांचं लक्ष जात नाही. सगळा धंदा त्या दुसऱ्या वाक्यावर उभा आहे. आणि खरं सांगायचं तर पहिल्यावरही. देवाची चित्रं नदीत जात नाहीत, ती दिवाळीच्या भेटकार्डांवर जातात. तिला कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: "नदीला पाणी कुठं हाय? देव कोरड्यात सोडायचा का?"

हिचं नाव मी सांगणार नाही, कारण ही एकटी नाही. दर आळीत अशी एक असते. वय दहा ते तेरा, इयत्ता पाचवी ते सातवी, वर्गात नंबर मधला. कार्यानुभवाच्या तासाला बाकीची मुलं कागदाची होडी करून ती हौदात सोडतात. ही होडी करून विचारते, "सर, ही कितीला जाईल?" आमच्या आळीतली सहावीत आहे आणि सगळी आळी तिला मालकीणबाई म्हणते. पहिल्यांदा थट्टेनं म्हणत होते. आता तिनं ते बिरुद म्हणून घेतलंय, हाक मारली की ओ देते.

ध्यान बघण्यासारखं असतं. दोन वेण्या, त्यातल्या एकीत अडकवलेली पेन्सिल, दहाही बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, गालावर चमकी. ही चमकी पत्रिकांवरची. ती एकदा अंगाला लागली की वर्षभर सुटत नाही, आणि तिच्या घरच्यांच्या जेवणातही ती सापडते असं तिचे वडील म्हणतात. गळ्यात नाडीनं कात्री लटकलेली. ही कात्री आईच्या शिवणयंत्राची. ज्या घरात शिवणकाम चालतं त्या घरात कापडाच्या कात्रीनं कागद कापणं हा गुन्हा समजतात, कारण कागदानं धार बसते. तिच्या आईनं हे तिला ओरडून सांगितलं, मारून सांगितलं, शेवटी कात्री पिठाच्या डब्यात लपवली. पण खळीसाठी कणीक घ्यायला मालकीणबाई त्याच डब्यात हात घालते, हे त्या माउलीच्या ध्यानात आलं नाही.

मालकीणबाई स्वतः काही करत नाही. हे मला फार उशिरा कळलं. करतो तिचा थोरला भाऊ, आठवीतला. तो बोलत नाही. ओट्यावर मांडी घालून बसतो, पत्रिका पालथी करतो, पट्टी ठेवून चमच्याच्या पाठीनं घडीची रेघ दाबतो आणि मगच दुमडतो. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर फुटतो आणि आतला पांढरा दिसतो. आधी रेघ दाबली की फुटत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नाही, दहा-वीस पत्रिका वाया घालवून तो शिकला. मग बाजूच्या पट्टीला तर्जनीनं खळ, वरून वरवंटा, आणि पाच मिनिटांत पाकीट तयार. त्याच्या हातात कसब आहे. बहिणीच्या हातात वही आहे. जगात कुणाचं चालतं ते सांगायला नको.

मुख्य माल म्हणजे पत्रिकांची पाकिटं आणि छोट्या पिशव्या. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मालकीणबाई अंगणवाडीत होती, पण त्या बंदीचा फायदा घेणारी व्यक्ती जिल्ह्यात तिच्याइतकी दुसरी नसेल. 'प्लास्टिकमुक्त गाव' हा निबंध तिला पाठ आहे आणि तो ती दारात उभी राहून म्हणते. पिशवी विकत घेतल्याखेरीज निबंध थांबत नाही.

पत्रिकेच्या पिशवीत एक अडचण असते. आपल्याकडच्या पत्रिकांवर वधूवरांची नावं बारीक आणि प्रमुख उपस्थितीतल्या मंडळींची नावं ठळक असतात, फोटोसकट. एकदा गावातले एक माजी पदाधिकारी ओट्यापाशी थांबले. पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचा फोटो पिशवीच्या बुडाला आला होता, तोही उलटा, आणि नावातला 'माजी' तेवढा वर राहिला होता.

"हे काय गं पोरी? मला खाली घातलं?"

मालकीणबाईनं पिशवी बघितली, त्यांच्याकडं बघितलं. माफीबिफी मागितली नाही. म्हणाली, "आबा, वर पायजे असलं तर दहा रुपये. खाली असलं तर पाच."

त्यांनी वर असलेल्या सहा पिशव्या घेतल्या. त्या दिवसापासून भावाला हुकूम सुटला, मोठ्या माणसाचा फोटो नेहमी समोर आणि सरळ आला पाहिजे. आणि तिनं पत्रिकांचे दोन गठ्ठे केले: ज्यात हयात आणि गावातली माणसं आहेत तो एक, आणि बाकी दुसरा. पहिला महाग. निवडणूक लागली की तोही पुन्हा चाळायचा, कारण भाव बदलतात.

वर्षाचं कॅलेंडर तिच्या डोक्यात पक्कं असतं. श्रावणात राख्या. पोळ्याला बैलांसाठी कागदी फुलांच्या माळा. बेगड आणि गोंडे बाजारात मिळतात, पण माळ हिची. गेल्या पोळ्याला एका बैलानं शेजारच्या बैलाच्या गळ्यातली माळ मिरवणुकीतच खाऊन टाकली. मालक चिडून आला. ही म्हणाली, "मपला माल गोड हाय, त्यात मी काय करू?" गणपतीत मखराची कमान, नवरात्रात फारसं काही नाही, आणि दिवाळीला आकाशकंदील.

कंदिलाच्या बाबतीत मात्र मी तिच्या बाजूचा आहे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. असा घरचा कंदील आमच्या लहानपणी प्रत्येक दारात असे आणि दर वर्षी त्यातला एखादा बल्बच्या धगीनं करपतही असे. एलईडीनं ती धग घालवली. कागदाच्या कंदिलाला आजच्याइतके सुरक्षित दिवस कधीच नव्हते, आणि नेमक्या याच दिवसांत लोक प्लास्टिकचा घडीचा कंदील आणतात. मालकीणबाईचा कंदील एका अंगानं कललेला असतो, सहा बाजूंतली एक नेहमी फुगलेली असते, पण लावल्यावर भिंतीवर पडणारा उजेड बाजारातल्या कंदिलाला येत नाही. एवढं मी तिच्यासमोर बोललो आणि मला दोन कंदील घ्यावे लागले.

त्यातल्या एकाची कड आठवड्यात कुरतडलेली दिसली. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. हिची खळ निव्वळ कणकेची. कंदील घेऊन मी गेलो. तिनं कड निरखली.

"काका, झुरळानं खाल्लंय."

"तेच सांगतोय."

"म्हंजी माल शुद्ध हाय. केमिकल असतं तर खाल्लं असतं का?"

मी कंदील घेऊन परत आलो.

शाळेत आनंदनगरी भरते. जिल्हा परिषदेच्या शाळांतून हा सोहळा आता ठिकठिकाणी होतो. मुलांनी दुकानं मांडायची, नफातोटा शिकायचा, पालकांनी यायचं, पाहुण्यांनी फीत कापायची. फीत क्रेप कागदाची असते आणि ती कुणी पुरवली हे आता सांगायला नको. कापून झाल्यावर तिचे दोन तुकडे ती उचलून नेते. पुढच्या कार्यक्रमाला मधे गाठ मारून चालतात. पण आनंदनगरीत कागदाच्या दुकानाचं एक दुखणं असतं. शेजारी भेळ असते, पाणीपुरी असते, कुणाच्या आईनं तळून दिलेली गरम भजी असतात. तासाभरात त्यांची पातेली रिकामी होतात आणि कागदाच्या फुलांकडं कुणी ढुंकून बघत नाही. फार तर एखादी बाई "छान केलंय हं" म्हणून पुढं जाते. मालकीणबाईला 'छान केलंय हं' या वाक्याचा मनस्वी तिटकारा आहे.

पहिल्या वर्षी तिनं हे भोगलं. दुसऱ्या वर्षी तिनं फुलं घरीच ठेवली, भेळवाल्या पोरापाशी जाऊन विचारलं, "कशात देणार?" त्यानं विचारच केला नव्हता. तिनं जुन्या वह्यांचे शंभर कोन आणि पाणीपुरीवालीसाठी तितकेच द्रोण आदल्या रात्री भावाकडून करून घेतले होते. त्या दिवशी गावानं भेळ खाल्ली ती भावाच्या सातवीच्या गणिताच्या वहीतून. एका कोनावर लाल शाईत 'पुन्हा सोडवा' असं होतं. तो नेमका वर्गशिक्षकांच्या हाती पडला.

पैसे घेण्याच्या बाबतीत ती मागं गेली आहे. आधी तिनं वडिलांच्या किराणा दुकानातल्या स्कॅनरची झेरॉक्स ओट्यावर चिकटवली होती. गिऱ्हाईक खूश, पण पैसे वडिलांच्या खात्यात. संध्याकाळी ही हिशेब मागायला गेली की वडील म्हणायचे, "देतो ना, कुठं पळून चाललोय?" अशी बाकी चारशे साठ रुपयांवर गेली तेव्हा झेरॉक्स उतरली आणि तिथं पाटी लागली: 'स्कॅनर बंद आहे. पप्पांमुळे.' गावात ती पाटी फार गाजली. उधारीवर माल घेऊन चुकवणारी गिऱ्हाइकं वडिलांनी आयुष्यभर पाहिली. स्वतः त्यांतलं एक होण्याची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली.

मी मास्तरकीतून निवृत्त झालोय, पण खोड जात नाही. एका रविवारी तिला बसवून अरविंद गुप्तांबद्दल सांगितलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी कित्येक वर्षं मुलांना टाकाऊ वस्तूंतून, वर्तमानपत्राच्या कागदातून खेळणी करायला शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी, पुस्तकं सगळी इंटरनेटवर कुणालाही बघायला मोकळी आहेत. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"मोकळी म्हंजी?"

"म्हणजे फुकट."

तिनं वही मिटली. "कामून?"

मला उत्तर सुचलं नाही. मग मी विषय आपल्या भागात आणला. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागझीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या लोकांत कागद करणारेही होते आणि ते इथं राहिले, असं सांगतात. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा करायचा, पाण्याच्या हौदातून जाळीवर त्याचा पातळ थर उचलायचा, वाळवायचा, घोटायचा. दौलताबादी कागद म्हणून तो नावाजलेला होता. मराठवाड्याचा कागदाशी एवढा जुना संबंध आहे, असं मी जरा रंगात येऊन सांगितलं. कान टवकारून ऐकत होता तो भाऊ. चमचा हातात तसाच राहिला होता. "जाळी कशाची असती?" त्यानं विचारलं. त्या ओट्यावर मी ऐकलेला त्याचा हा पहिला पूर्ण प्रश्न.

मालकीणबाईचा प्रश्न निराळा होता. "चिंध्यांचा कागद व्हतो?" आणि तिनं घराच्या आत बघितलं. त्या संध्याकाळी तिच्या आईनं दोन जुनी लुगडी कुलपात घातली.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० सालच्या, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडं काम शिकावं असं म्हटलंय. हे कळल्यावर तिनं सरांना विचारलं होतं, "सर, आमच्याकडं किती पोरं पाठवणार?"

एकदाच ती फसली. यूट्यूबवर कागदाच्या पट्ट्या गुंडाळून करायचं क्विलिंग बघून तिनं मामेबहिणीच्या फोनवरून रंगीत पट्ट्यांचं पाकीट मागवलं. आमची टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली. दुसरी सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर, आणि हमरस्त्यावर असल्यानं जगाला तीच माहीत. आमचा पिनकोड सुरू होतो ४३१ नं, त्यांचा ४१३ नं. आकडे तेच, जागा बदललेल्या. बहिणीनं नेमक्या त्याच जागा बदलल्या. फोनवर संदेश आला की पार्सल टेंभुर्णीत पोहोचलं. ही दोन दिवस बसथांब्यावर. उलगडा झाला तेव्हा ती रडली नाही; मला विचारलं, "तिकडच्या टेंभुर्णीत आपलं कुणी पाव्हणं हाय का?" नव्हतं. मग भावानं वह्यांच्या समासाच्या पट्ट्या कापल्या, त्या काडीवर गुंडाळल्या आणि त्यांची फुलं केली. समासाची लाल रेघ प्रत्येक पाकळीच्या कडेनं अशी काही आली की ती मुद्दाम काढल्यासारखी दिसे. ते कार्ड मी विकत घेतलंय, आणि या वेळी कुणी जबरदस्ती केली नव्हती.

तिची वही मी एकदा पाहिली आहे. जमेची बाजू गच्च भरलेली. खर्चाच्या बाजूला एवढंच: कागद, लोकांचा. खळ, घरची. कात्री, आईची. जागा, ओटा. मजुरी, दादा. आणि शेवटी नफा, सगळा. मोठमोठ्या कारखानदारांना जे सनदी लेखापाल ठेवून जमत नाही ते हिला दुरेघीत जमलं होतं.

हे असंच चाललं असतं, पण संक्रांत आली. हळदीकुंकवाच्या वाणासाठी एका काकूंनी पन्नास पाकिटांची ऑर्डर दिली, आगाऊ शंभर रुपयेही दिले. आणि आदल्या संध्याकाळी अडतीस पाकिटं झाल्यावर भावानं चमचा खाली ठेवला.

"मी १०९८ ला फोन करणार."

हा चाइल्डलाइनचा नंबर त्यानं शाळेच्या भिंतीवर वाचला होता. मी गच्चीतून खाली आलो.

मालकीणबाई डगमगली नाही. तिनं त्याआधीच सरांना विचारून ठेवलं होतं. "चौदाच्या आतल्या पोरानं काम करू न्हाई असा कायदा हाय. पण घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर, मदत केलेली चालती. २०१६ ला बदललाय कायदा."

भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग ह्यो धंदा घरचा हाय, का तुपला?"

आठवीतल्या त्या अबोल पोरानं आयुष्यातलं सगळं बोलणं या एका वाक्यासाठी राखून ठेवलं असावं. मपला म्हणाली तर कायदा आडवा. घरचा म्हणाली तर नफा घरचा. मालकीणबाईनं पहिल्यांदाच उत्तर द्यायला वेळ घेतला. वेणीतली पेन्सिल काढली, परत घातली.

"घरचा," ती हळूच म्हणाली.

स्वयंपाकघरातून आवाज आला: "घरचा हाय ना? मग कणकेचे न कात्रीचे काढ आधी!" आणि लगेच बाहेरून वडिलांचा, फार समाधानानं: "घरचा असला तर ते चारशे साठ मिटले म्हणायचे."

ती उठली. अंगणात एक फेरी मारली. बाकीची बारा पाकिटं, वाळत चाललेली खळ, हात बांधून बसलेला भाऊ, सगळ्यांवरून तिची नजर फिरली आणि भिंतीशी उभ्या माझ्यावर येऊन थांबली.

"काका, तुम्ही आमच्या घरचे न्हाई ना?"

"नाही बुवा."

"न वय चौदाच्या वर हाय?"

"हो, ते आहे."

तिनं खळीची वाटी माझ्याकडं सरकवली आणि ओट्यावरची पत्रिकांची रद्दी बाजूला करून बसायला जागा केली.

"मजुरी काय देणार?" मी विचारलं.

"आधी दोन करून दावा," मालकीणबाई म्हणाली, "मग बगू."